आधी वास, मग कापूर

“झाकण उघड, तम्मा. आधी वास, मग कापूर.”

तुळजापुरात गाडी पुजायला कधी आला असाल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार, आणि ऐकून वैतागलेलेही असणार. गाडी रांगेत येऊन थांबली की आक्का आपल्या टोपलीमागून उठायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि कुणी काही म्हणायच्या आत बॉनेटपाशी जाऊन उभ्या राहायच्या. बॉनेटला त्या झाकणच म्हणायच्या. झाकण उघडलं की डोळे मिटून नाक पुढं करायच्या. मग एकदा खाली वाकून, एकदा मागच्या चाकाजवळ. वास नसला तर “हां, घे” म्हणत कापराची पुडी हातावर ठेवायच्या. वास असला तर पुडी परत कनवटीला. “नारळ ने, हार ने, लिंबू-मिरची ने. इस्तू मातर न्हाय मिळायचा.” मग तुम्ही आमदाराचे जावई असा नाहीतर खुद्द आमदार.

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आक्का जळकोटच्या, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. त्यांना सगळेच तम्मा. मिसरूड न फुटलेलं पोरगंही तम्मा आणि निवृत्त हेडमास्तरही तम्मा. मीही तम्माच, पण ओळखीचा म्हणून “फ्लेक्सवाला तम्मा”.

माझं दुकान त्याच मैदानाच्या कडेला आहे. वाढदिवस, नियुक्ती, स्वागत, श्रद्धांजली, माणसाचं सगळं आयुष्य मी प्लास्टिकच्या कापडावर छापतो. जवळ कॅमेरा आहे, त्यामुळं पूजा झाली की गाडीसमोर कुटुंब उभं करून फोटोही काढून देतो. आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत, तरी नवीन गाडीच्या फोटोला अजून माणसं माझ्याकडं येतात. तेव्हा आक्कांचं सगळं वागणं मी दुकानाच्या पायरीवर बसून बघितलेलं आहे. ऐकीव काही सांगत नाही.

कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि दातांना मिसरी. साधुत्वाचा काही भाग नव्हता. कालची सुरकुतलेली लिंबं पाण्यात बुडवून, पदराला पुसून ताजी म्हणून विकायच्या. शेजारच्या नारळवाल्याशी जागेवरून रोज भांडण, आणि भांडणात एकदा शिरल्या की त्याच्या आज्यापर्यंत जायच्या. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पेट्रोलची गाडी कुठली आणि डिझेलची कुठली, हेही माहीत नव्हतं. एकदा एका गाडीत बॅटरीकडं बोट दाखवून “ही टाकी लई ल्हान हाय की रं” म्हणाल्या होत्या, तेव्हा सगळी रांग हसली होती. त्याही हसल्या.

त्यांच्याकडं होतं ते फक्त नाक. आणि तेही काही दैवी वगैरे नव्हतं. पेट्रोलच्या वासानं त्यांना उलटी व्हायची, एवढंच. लहानपणापासून गाडी लागायची. एसटीत बसल्या की खिडकी आणि नाकाशी लिंबू. “लिंबाचा धंदा मला उलटीनंच शिकिवला,” असं त्या स्वतःच सांगायच्या. एखाद्या गाडीच्या पोटात कुठं नळी भिजली असेल, क्लिप सैल झाली असेल, टाकीला केसाएवढी चीर गेली असेल, तर मालकाला, मेकॅनिकला, कुणाला कळायच्या आधी आक्कांच्या पोटात ढवळायला लागायचं. ज्या खोडीपायी नवऱ्यानं त्यांना आयुष्यभर जत्रेला नेलं नाही, तीच म्हातारपणी कामाला आली.

चुकायच्याही. एकदा लग्नाची गाडी आली. नवरदेव, करवली, मामा, सगळे ठासून भरलेले. आक्कांनी नाक लावलं आणि ओरडल्या, “उतरा! समदे उतरा!” फेटे सांभाळत वऱ्हाड उन्हात उतरलं. अर्धा तास शोधाशोध. शेवटी निघालं काय, तर मागच्या काचेवर नवरा-नवरीची नावं चिकटवताना कुणीतरी थिनरची बाटली सीटखाली उलटवली होती. नवरदेवाचा मामा तांबडालाल झाला. म्हणाला, “म्हातारे, मुहूर्त घालवलास आमचा.” आक्कांनी त्याला आपादमस्तक बघितलं. “बरं, चुकली म्या. तुमी जळलां न्हाईत, आन् माझं नाक खोटं ठरलं. ह्यात कुणाचं काय गेलं, सांगा की?” मग त्याच्याच हातात एक लिंबू फुकट ठेवलं. फुकट दिलेलं आक्कांचं ते एकमेव लिंबू असावं.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणतो, आणि रागानंच म्हणतो. आमच्या भागात एक मंत्र आहे, देवीच्या आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटला जाणारा. “काय होत न्हाय.” टाकी पाझरतेय? लाव कपड्याचा साबण, काय होत न्हाय. नळी तडकलीय? गुंडाळ चिकटपट्टी, आवळ बायंडिंगची तार, काय होत न्हाय. गाडीत वास येतोय? काच खाली कर. शाळेच्या व्हॅनमध्ये स्वयंपाकाचं सिलिंडर आहे आणि त्यावरच्या फळीवर पोरं बसलीत? वर्षानुवर्षं बसतात, काय होत न्हाय. आणि हे म्हणणारा ड्रायव्हर बोलता बोलता बिडी पेटवतो. मी या कानांनी ऐकलंय आणि या डोळ्यांनी बघितलंय.

त्यात नवरात्र येतं सोयाबीनच्या राशीवर. रास झाली की पोती घरात, घरात जागा नसली की पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडमध्ये गाडी. पोत्यांमागून उंदीर येतात. उंदराला सोयाबीनही आवडतं आणि सोयाबीन खाऊन कंटाळला की रबरही आवडतं. रात्रीत पेट्रोलची नळी कुरतडून ठेवतो. सकाळी तीच गाडी धुऊन, पुसून, झेंडूचा हार घालून खंडेनवमीला आमच्या मैदानात येते. आणि इथं आम्ही काय करतो? तिच्या तोंडासमोर जाळ धरतो. पितळी ताटात कापूर पेटवून बॉनेटभोवती ओवाळतो. जगात दुसरीकडं कुठं एवढी अक्कल असेल असं वाटत नाही.

आक्का इतक्या मागं लागतात त्या अर्थी यांच्या घरात कुणीतरी जळालं असणार, असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. कुणी म्हणायचं नवरा, कुणी म्हणायचं भाऊ. एकदा एका शिक्षिका बाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, “तुमचं कोण गेलं हो, आक्का?”

“कोन कशाला जाईल? समदे हाईत,” आक्का खवळल्या. “घरात गॅसचा वास आला तर तू काय आधी कोन मेलं ते इचारतीस व्हय? वास आला म्हून बोलते. मानूस जळाल्याबिगर शहाणपन येऊच न्हाय, असा काय कायदा हाय का?”

मग बाईंचा चेहरा पडलेला बघून जरा नरमल्या. डबीवरून हात फिरवत म्हणाल्या, “आन् आमच्यात जाळत न्हाईत, बाई. बसवून पुरत्यात. मला नीट मांडी घालून बसून जायचंय. गाडीत जळून कशाला जाऊ?”

एकदा आक्का भाचीच्या लग्नाला जळकोटला गेल्या होत्या. त्या दिवशी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, फ्रॉक घातलेली मुलगी. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, पण त्यांना ती पहिलीच, म्हणून नवीच. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. बाकीच्या दुकानदारांनी कापूर दिला, आरती झाली, फोटो मी काढला. मुलीनं बॉनेटवर बसायचा हट्ट धरला म्हणून तिला बसवून काढला. पुढं महिन्याभरातच नळदुर्गच्या अलीकडं हायवेवर ती गाडी पेटली आणि दुभाजकावर आदळली. आई फेकली गेली, वाचली. ते दोघं आत राहिले. मुलीचे मामा माझ्याकडं फ्लेक्स छापायला आले तेव्हा त्यांच्याकडं बापलेकीचा एकत्र असा एकच फोटो होता. तो मीच काढलेला. मी त्यातून गाडी कापून टाकली, हार कापून टाकला आणि दोन चेहरे ठेवले.

गॅरेजवाला सांगत होता की महिनाभर गाडीत वास येत होता. घरच्यांनी परफ्यूमची बाटली लावली होती.

आणि अंत्ययात्रेला आलेली माणसं काय म्हणत होती? “वेळ आली होती.” वेळ! वेळ महिनाभर आधीपासून वास देत येते का? येते तेव्हा काच खाली करता आणि गेल्यावर देवाच्या माथी मारता. मी तिथून उठून आलो. आक्कांना सांगितलं तेव्हा त्या लिंबं दोऱ्यात ओवत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “कुठल्या दिवशी आलती म्हनला गाडी?” मी सांगितलं. त्या दिवसानंतर आक्का कुणाच्या लग्नाला गेल्या नाहीत.

त्यांचं नाक त्यानंतर आणखी कडक झालं आणि लोकांचा रागही. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, चीड येते, की आक्कांजवळ पुरावा कधीच नसायचा. त्यांनी अडवलेली गाडी माणूस शिव्या देत गॅरेजला न्यायचा, नळी बदलायचा आणि मग ती गाडी जळायची नाही. जळाली नाही की तोच माणूस पुढच्या वर्षी येऊन सांगायचा, “बघा, काय झालं का? उगं आमची पूजा मोडली म्हातारीनं.” खड्ड्यात पडता पडता ज्याला ओढून काढलं, त्यानं शर्ट फाटला म्हणून भांडावं, तसा प्रकार.

शेवटी रांगेतल्या दुकानदारांची बैठक झाली. जीपवालेही आले. गिऱ्हाईक बिचकतं, शुभ कामात अभद्र बोलणं होतं, देवीच्या दारात जळण्या-मरण्याची भाषा नको, असं सगळं निघालं. आक्कांची जागा रांगेच्या तोंडाशी होती. गाडी आली की पहिल्या आक्का, मग कापूर. त्यांना उठवून रांगेच्या शेवटी, मुतारीजवळ जागा द्यायचं ठरलं. म्हणजे गाडी त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर आरती होऊन गेलेली असणार. नारळवाला म्हणाला, “तिथं आक्काच्या नाकाला भरपूर काम मिळंल.” सगळे खो खो हसले. जाणती, नातवंडं असलेली माणसं.

मी बोललो. गप्प बसणाऱ्यातला मी नाही. मी म्हणालो, ही बाई एका पुडीचा धंदा सोडून तुमच्या गिऱ्हाइकांचे जीव राखते आणि तुम्ही तिला मुतारीपाशी बसवता? मला सांगण्यात आलं, “तुमी फ्लेक्स छापा, काका. गाड्या जळल्या तर तुमचाच धंदा वाढतोय.” त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही, आणि मी काय काय छापतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

आक्का मात्र भांडल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. टोपली डोक्यावर घेतली, पाट काखेत मारला आणि जाऊन बसल्या. असं का, ते मला नंतर कळलं. बैठकीत दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा होता.

शिवराज. धाकटा, म्हणून लाडका. नळदुर्ग-तुळजापूर फेऱ्या मारायचा. जुनी, सात माणसं बसणारी पेट्रोलची गाडी होती आणि तिच्यावरच त्याचं घर चालायचं. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्याला चिडवायचे, “शिवराज, गाडीला आईचं सर्टिफिकेट आणलंस का?” त्याला ते जिव्हारी लागायचं. बैठक झाल्यावर तो आईला माझ्या दुकानासमोर म्हणाला, “अव्वा, आता तरी गप बस. माझी इज्जत राहू दे. ह्या नवमीला माझ्या गाडीला हात लावू नको, नाक लावू नको. निस्तं आईवानी ये आन् हार घाल.”

“बरं,” आक्का म्हणाल्या. “निस्तं हार घालीन.”

खंडेनवमीच्या सकाळी आक्कांनी स्वतःच्या हातानं हार केला. झेंडूच्या मध्ये आपट्याची पानं, खाली लिंबं, आणि त्या दिवशी लिंबं खरोखर ताजी होती. पिवळीधमक. मला मुद्दाम आणून दाखवली. “बघ तम्मा, एक बी जुनं न्हाय.” रांग हायवेपर्यंत गेली होती. शिवराजची गाडी पुढं आली तेव्हा आत तेर गावचं एक कुटुंब बसलेलं होतं. दर्शन झालं होतं, पूजा उरकली की त्यांना घरी सोडायचं भाडं ठरलं होतं. म्हातारा, सून, तिच्या मांडीवर तान्हं. ऊन होतं म्हणून ती माणसं उतरली नव्हती.

नारळवाल्यानं कापूर दिला. शिवराजनं ताट पेटवलं. तेवढ्यात आक्का हार घेऊन मुतारीच्या टोकाकडून चालत आल्या. शब्द दिल्याप्रमाणं त्यांनी झाकणाकडं बघितलंसुद्धा नाही. नाकावर पदर घट्ट धरला होता. मी ते पायरीवरून बघत होतो. मुलाची इज्जत राहावी म्हणून ही बाई श्वास रोखून आली होती.

हार घालायला दोन्ही हात लागतात. पदर सुटला.

आक्कांना तिथंच, पुढच्या चाकाशी, भडाभडा उलटी झाली. हार खाली पडला. रांगेतल्या बायका किंचाळल्या, कुणी छी छी केलं, कुणी फोन वर करून शूटिंग सुरू केलं. “अव्वा!” शिवराज ओरडला. रागानं की लाजेनं, त्यालाच ठाऊक. ताट त्याच्या हातात तसंच जळत होतं.

आक्कांनी तोंड पुसलं नाही. सरळ झाल्या आणि मुलाच्या हातातलं जळतं ताट दोन्ही हातांनी काढून घेतलं. आणि चालायला लागल्या. गाडीपासून लांब. आरतीचं ताट घेऊन, पाठ फिरवून. कुणी अडवायला पुढं आलं तर “सर! बाजूला सर!” म्हणत, मैदान ओलांडून पार बाभळीपर्यंत. पितळ तापत गेलं, पण त्यांनी ताट टाकलं नाही. टाकलं असतं तर पायाशी धडुतं, कागद, काय काय पडलेलं होतं. कापूर विझेस्तोवर त्या तशाच उभ्या राहिल्या.

इकडं मी धावलो आणि आधी तेरच्या माणसांना ओढून उतरवलं. मग बॉनेट उघडलं. मलाही आता वास आला, इतका होता. पेट्रोलच्या नळीच्या जागी एक पांढरी पारदर्शक नळी होती. गवंड्याची. भिंतीची पातळी बघायला गवंडी पाणी भरून धरतात ना, ती. दोन दिवसांपूर्वी शेडमध्ये उंदरानं नळी कुरतडली, गॅरेजवाला म्हणाला सणानंतर ये, आणि शिवराजच्या घराचं बांधकाम करणारा गवंडी लेव्हलची नळी विसरून गेला होता. शिवराजनं तीच कापून घातली, तारेनं आवळली. पेट्रोलनं ती कडक होऊन तारेपाशी चिरली होती, आणि थेंब थेंब खाली, तापलेल्या लोखंडावर पडत होतं.

“किती दिवस चालवणार होतास?” मी विचारलं.

“नवमी झाली की बदलणार व्हतो, काका. दोन दिवसांत काय होत न्हाय म्हनून...”

आणि झालंही काहीच नाही. तेरची माणसं दुसऱ्या गाडीनं घरी गेली. तान्हं झोपेतून उठलंसुद्धा नाही. शिवराजची गाडी दोर लावून गॅरेजला नेली. आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी काय? शिवराजच्या आईनं आरती मोडली. नवमीच्या दिवशी, पोटच्या पोराची. गाडीसमोर ओकली आणि जळतं ताट घेऊन पळाली. फोनवर सगळ्यांनी बघितलं, कुणीतरी खाली हसणारे चेहरे टाकले. त्या शूटिंगमध्ये नळी नव्हती. नळीचं शूटिंग कोण करतो?

शिवराज आतून हादरला होता, पण लोकांच्या तोंडाला घाबरत होता. त्यानं नळी बदलली आणि आईशी बोलणं सोडलं. दोन्ही एकाच माणसानं केलं, हे मला अजून कळत नाही. आक्कांच्या बोटांना फोड आले होते. त्या फोडांनी त्यांना सुई धरता येईना, तर लिंबं ओवून द्यायला माझी बायको जायची. मी एकदा म्हणालो, “आक्का, त्याला जरा कान धरून सांगू का मी?”

“नगं, तम्मा. तो बोलत न्हाय म्हंजे जित्ता हाय,” आक्का म्हणाल्या. “रुसू दे. रुसायला मानूस लागतो.”

उन्हाळ्यात त्या गेल्या. ताप आला, अंग मोडून आलं आणि जळकोटला घरी, खाटेवर गेल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणं शेताच्या बांधाशी खड्डा घेतला आणि विभूती लावून, बेलाची पानं घालून त्यांना मांडी घालून बसवलं. नीट, त्यांना हवं होतं तसं. शिवराज कडेला उभा होता. माती लोटायची वेळ आली तेव्हा त्यानं वाकून आईची बोटं हातात घेतली आणि सोडेना. विधी करणाऱ्या जंगमांनी दोनदा सांगितलं. फोडांचे डाग गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी नारळवाला चारजणांना घेऊन माझ्या दुकानात. आक्कांचा फ्लेक्स करायचा होता. “शांत, मनमिळाऊ स्वभावाच्या,” असा मजकूर, आणि खाली “शोकाकुल, समस्त पूजासाहित्य विक्रेते”. ज्यांनी तिला मुतारीपाशी बसवलं ते शोकाकुल! आणि आक्का शांत? मनमिळाऊ? ती बाई आयुष्यात एक मिनिट शांत बसली असती, तर तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे फ्लेक्स मी कधीच छापले असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि दुकानाबाहेर घालवलं. मग माझ्या खर्चानं एक फ्लेक्स केला. त्यांचा टोपलीमागचा, कपाळाला आठ्या घातलेला फोटो आणि खाली त्यांचं वाक्य. दुसरं काही नाही. रांगेच्या तोंडाशी, त्यांच्या जुन्या जागेवर लावला. आठ दिवसांत कुणीतरी त्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा लावला. तोही, माझं दुर्दैव, माझ्याच दुकानात छापलेला.

यंदाच्या खंडेनवमीला शिवराज आला. रांग तशीच, ऊन तसंच. गाडी धुतलेली, आत कुणी नाही. नारळवाल्यानं काडीपेटीसह कापराची पुडी पुढं केली. शिवराजनं ती घेतली, पण पेटवली नाही. पुढं गेला आणि बॉनेट उघडलं. मग डोळे मिटून, अगदी आईसारखं, नाक पुढं केलं. बराच वेळ वाकून राहिला. मग माझ्याकडं बघितलं.

“काका, जरा येता का?”

मी उठून गेलो. वाकलो. झेंडू, धूळ, उदबत्ती, लांबून मुतारी.

“तुमाला येतोय का वास?”

“नाही रे.”

“मला बी न्हाय.” तो तसाच उभा. “पन तवा बी मला आला नव्हता, काका. अव्वाला आलता.”

नळी नवीन होती, क्लिपा नवीन होत्या, मी स्वतः हात फिरवून बघितलं. कोरडं होतं. तरी त्याच्या हातातली काडी पेटीवर ओढली जाईना. मागं गाड्या तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. तिसऱ्या गाडीतून एकानं डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, “ए, पेटव की लवकर! काय होत न्हाय!”

“होतं!” मी वळून ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. “होतं रे, होतं!”

लोक माझ्याकडं बघायला लागले, आक्कांकडं बघायचे तसे. शिवराजनं कापराची पुडी खिशात घातली, काडीपेटी नारळवाल्याला परत दिली आणि एक लिंबू घेऊन गाडीच्या चाकाखाली ठेवलं. झाकण त्यानं उघडंच ठेवलं होतं.